पंख्याची वरची बाजू

शनिवार, ११ फेब्रुवारी १९८४

ही डायरी आमच्या कंपनीला टर्पेंटाइन पुरवणाऱ्याने नववर्षाची भेट म्हणून दिली. दीड महिना कोरी पडली होती, कारण माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि घडू नये अशीच मी व्यवस्था ठेवतो. तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात अठरा वर्षं झाली. श्यामसुंदर टिपणीसची सही झाल्याशिवाय रंगाचा एक डबा फाटकाबाहेर जात नाही. घरीही तेच, असं मीना म्हणते. मीना म्हणजे आमची एकुलती एक. बी.एड.ला आहे आणि शिकवायचा सराव बापावर करते.

गुरुवारी ही, म्हणजे मीनाची आई, गेली. म्हणजे परत आली, पण आधी गेली.

क्रमाने लिहितो. दुपारी एकच्या सुमारास ही स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. माझी पाळी बदललेली, म्हणून मी घरात होतो. रिक्षा करून वाशीतच डॉ. इसाक मुकादमांच्या नर्सिंग होममध्ये नेलं. खाटेवर निजवतात न निजवतात तोच नाडी लागेना. डॉक्टरांनी मला बाहेर काढून दार लावलं. दोन-अडीच मिनिटं हृदय बंद होतं, असं ते नंतर म्हणाले. छातीवर दाब देऊन, इंजेक्शनं देऊन त्यांनी तिला परत आणलं. माणूस चांगला आहे.

त्या अडीच मिनिटांत मी व्हरांड्यात शांत उभा होतो. अशा वेळी कोणीतरी शांत राहावं लागतं.

घसा पार बसला आहे. कारखान्यात थिनरच्या वाफा फार वाढल्यात. मॅनेजरना लेखी कळवायला हवं.

रविवार, १२ फेब्रुवारी

आज ही उशाला टेकून बसली, पेज प्यायली आणि म्हणाली, "अहो, एक सांगू? हसणार नाही ना?"

मी म्हटलं, "सांग."

म्हणे, गुरुवारी ती छताला होती. म्हणजे शरीर खाटेवर आणि ही वर. भीती नाही, दुखणं नाही. "सगळ्यांची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, आता चारपर्यंत कोणी काही मागणार नाही, तसं वाटलं बघा." वरून तिने सगळं पाहिलं म्हणे. काय काय, असं मी विचारलं आणि सवयीने खिशातला कागद काढला. तिने सांगितलेलं जसंच्या तसं:

पहिलं, खोलीतला पंखा खालून पांढरा आहे पण वरून चॉकलेटी. आणि एका पात्यावर, वरच्या बाजूला, बोटांचे पांढऱ्या रंगाचे तीन ठसे आहेत.

दुसरं, डॉक्टर तिची छाती दाबताना तिला 'म्हातारे' म्हणाले. याचा तिला राग आहे. वय अठ्ठेचाळीस.

तिसरं, दाराबाहेर कोणीतरी पुरुष 'पुतळे! पुतळे!' म्हणून मोठमोठ्याने ओरडत होता.

इथे खुलासा करायला हवा. पुतळा हे हिचं माहेरचं नाव. पेणच्या गुप्त्यांची पुतळा. लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुमेधा' लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सुमेधा टिपणीस. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिचे आईवडील कधीच गेले. नव्या मुंबईत हे नाव कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. मीनालासुद्धा आज कळलं.

"आई, तू पुतळा?" मीना म्हणाली. "किती गोड! का बदललं?"

"तुझ्या बाबांना विचार."

मी म्हटलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला की जुन्या गोष्टी उसळून वर येतात, हे शास्त्राला माहीत आहे. ही माझ्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "घशाला काय झालंय तुमच्या?"

वाफांचं सांगितलं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टर मुकादमांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. हिच्या हृदयातला विजेचा मार्ग मधेच तुटतो. पुन्हा कधीही तुटेल; उद्या, महिन्याने, आत्ता. गोळ्यांवर फार दिवस काढता येणार नाहीत. मुंबईला मोठ्या इस्पितळात पेसमेकर बसवायचा. काडेपेटीएवढं यंत्र, छातीच्या कातडीखाली. ते हृदयाला ठोक्याची आठवण करून देतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ओळखीच्या सर्जनला पत्रही लिहिलं.

हिला सांगितलं तर म्हणते, "कशाला? आठवण करून द्यायला तुम्ही आहात की."

मी म्हटलं, थट्टा नको. तर म्हणाली, थट्टा नाही. "तिकडं इतकं निवांत होतं, मला आता भीतीच नाही राहिली. आलं बोलावणं की जाईन. चांगल्या देहाला भोक कशाला पाडून घ्यायचं?"

आता माझी अडचण लक्षात यावी. लोक मरणाला भितात म्हणून औषध घेतात. हिची भीतीच संपली. ती परत आणायची तर एकच मार्ग आहे: तिने पाहिलं ते पाहिलंच नाही, हे सिद्ध करणं. माल सदोष आहे हे दाखवून परत पाठवणं. अठरा वर्षं मी दुसरं काय केलं?

तीन कलमं आहेत. एक जरी खोटं निघालं तरी पुरे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

पंखा तपासला. हिला सकाळी छातीच्या फोटोसाठी नेलं होतं तेवढ्यात खाटेवर स्टूल ठेवून चढलो. मीनाने स्टूल धरलं, पण हसण्यामुळे ते हलत होतं. पंखा खालून पांढरा. वरून चॉकलेटी. रंगाऱ्याने नवा हात फक्त दिसणाऱ्या बाजूला मारलेला. असला कामचुकारपणा आमच्याकडे खपला नसता. वर धुळीचा पातळ थर. विजेरी मारून पाहिलं. ठसे होते.

पण तीन नव्हते. चार होते!

खाली उतरलो तो मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ही आल्या आल्या सांगितलं, "तुझा दावा फेटाळला. ठसे चार आहेत."

ही म्हणाली, "चौथा तुमचा असेल."

मीनाने माझा उजवा हात उलटा करून पाहिला. अंगठ्याला धूळ होती. रंग सुका आहे की ओला, हे बघायला मी अंगठा लावतो. तेवीस वर्षांची सवय आहे, नोकरीच्या आधीपासूनची. पुन्हा चढून पाहिलं. चौथा ठसा पांढरा नव्हताच, धुळीत उमटलेला होता. माप जुळलं.

पहिलं कलम तूर्त मंजूर.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरांना आडून विचारलं, "त्या वेळी आपण पेशंटशी काही बोलला होता का?" ते म्हणाले, छे, बोलायला वेळ कुठला. मी म्हटलं, "ती म्हणते, आपण तिला म्हातारे म्हणालात."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "या खुदा," म्हणाले. मग म्हणाले, "ए म्हातारे, ऊठ, कुठं चाललीस, असं म्हणालो असेन. माझ्या आजीला सकाळी असंच उठवायचो मी, पनवेलच्या घरी. तोंडातून निघून गेलं. वहिनींना सांगा, माफ करा म्हणावं."

दुसरंही मंजूर. डॉक्टर आत गेले आणि दारातून वळून मिस्कील हसत म्हणाले, "टिपणीससाहेब, आवाज सुधारला का?"

माझ्या घशाची एवढी चौकशी का चालू आहे, कळत नाही.

तिसऱ्या कलमापुढे मी लिहिलं आहे, आणि हिला वाचूनही दाखवलं आहे: पडताळणी अशक्य, साक्षीदार उपलब्ध नाही. नर्सिंग होमच्या आया बयाबाई त्या वेळी व्हरांड्यात होत्या असं अंधुक आठवतं. पण त्या सारख्या कामात असतात. त्यांना त्रास देणं बरं नव्हे.

रविवार, १९ फेब्रुवारी

काल हिला घरी आणलं. आज सकाळपासून सोसायटीतल्या बायकांची रीघ. मीनाने कोणाला तरी सांगितलं, त्यांनी सगळ्यांना. शेजारच्या दुर्गाबाईंनी तर पदर सावरून खालच्या आवाजात विचारलं, "आमचे हे दिसले का हो तिकडे? दोन वर्षं होतील आता. काही निरोप?"

मला वाटलं, ही हसेल. ही त्यांचा हात धरून म्हणाली, "नाही हो दिसले. पण मी फार आत गेलेच नव्हते. दारातूनच फिरले."

"का फिरलात?"

हिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "हाक आली म्हणून."

मी चहा ठेवायला उठलो. घरात चहा मी कधीच ठेवत नाही, त्यामुळे साखर सापडायला वेळ लागला.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पहिल्या कलमात मला फट सापडली आहे. रंगारी लोक पंख्याची वरची बाजू सोडतातच, हे जर सर्वसाधारण असेल, तर कोणीही शहाणं माणूस न बघता सांगू शकेल. नमुना घेतला पाहिजे. म्हणून संध्याकाळी सोसायटीतल्या सात घरांतले पंखे तपासले. स्टूल घरचं नेलं.

पाच पंखे वरून जुन्याच रंगाचे. एक दोन्हीकडून रंगवलेला. एकावर चिमणीचं घरटं, तो वगळला.

पाचास एक! हिला आकडे वाचून दाखवले. तिने शांतपणे भाजी निवडत ऐकलं आणि विचारलं, "आणि बोटांचे ठसे किती घरांत होते?"

एकातही नव्हते, हे मी सांगितलं नाही. सांगायचं राहिलं.

मीना म्हणते, खाली चर्चा आहे की टिपणीसकाकूंचा आत्मा पंख्यावर राहिला आणि टिपणीसकाका स्टूल घेऊन घरोघर शोधतायत. दुर्गाबाईंनी आमच्यासाठी नारळ फोडला. त्याची चटणी झाली.

सोमवार, २७ फेब्रुवारी

मुंबईहून पत्र आलं. सोमवार ५ मार्चला खाट राखून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी पेसमेकर. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर खाट दुसऱ्याला.

पत्र हिच्या पुढ्यात ठेवलं. हिने चष्मा लावून वाचलं, घडी घातली, पत्र माझ्या डायरीत ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं तिसरं कलम कुठवर आलंय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आहे. दोन कलमं खरी निघाली, ती तुम्ही खरी म्हणालात. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, खोटा शिक्का मारणार नाही. तिसऱ्याचा निकाल द्या. खरा असो, खोटा असो. मग मी काय ते ठरवते."

मी म्हटलं, "तिसरंही खरं निघालं तर तू म्हणणार सगळंच खरं, आणि निघालीस!"

"मी काय म्हणणार ते मी बघेन. तुम्ही तपासा."

सत्तावीस वर्षांत हिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं असेल तर एक शिवणयंत्र. ते मी दिलं होतं.

बुधवार, २९ फेब्रुवारी

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, आणि त्याने हे करावं.

सकाळी ही न्हाणीघराच्या दाराशी पुन्हा पडली. दहा-बारा सेकंद असतील. डोळे उघडे आणि त्यात ही नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड उघडलं, आवाज फुटेना. या वेळी एक शब्द निघाला नाही. मीनाच ओरडत होती, आई, आई. मग हिने श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दूध उतू जाईल."

दूध उतू गेलंच होतं.

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, आता ५ तारखेच्या पुढे एक दिवस नको.

मला भीती वाटते. हे लिहून ठेवतो, कारण कुठेतरी लिहिलं पाहिजे. हिला वाटत नाही ती सगळी माझ्याच वाट्याला आली आहे. 'या वेळी' असं वर लिहिलं गेलं. खोडत नाही.

गुरुवार, १ मार्च

नर्सिंग होममध्ये गेलो. तिसऱ्या कलमात फट शोधायचीच होती. एक शक्यता उरली होती: हिला हे कोणीतरी नंतर सांगितलं असेल. आणि सांगणारं एकच माणूस. बयाबाई घणसोली गावातल्या, आगरी, साठीच्या. गाद्या उन्हात टाकत होत्या. मी खाकरलो आणि म्हणालो, "बयाबाई, नऊ तारखेला दुपारी व्हरांड्यात कोणी ओरडत होतं का?"

त्यांनी गादी खाली ठेवली. "सायेब, बरे हाव ना तुमी? तुमीच ना ते! मना वाटला कोनाचा पोर हरवला. दाराला दोनी हातांनी धरून वरडत व्हते. मीच तुमाला बाकावर बसवला, पानी पाजला. आठवत नाय?"

मी म्हटलं, आठवतं.

"मंग इचारता कशाला?"

मी विचारलं, हे तुम्ही पेशंटला सांगितलंत का? त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू? बाय मना दुसऱ्या दिशी इचारत व्हती, कोन वरडला. मी बोल्ली, घरच्या मानसाला इचार. नवरा-बायकोची गोष्ट हाय, आपन मदी कशाला पराचा?" मग त्यांनी गादीवर दोन धपाटे घातले. "पन खरा सांगू, माझा घरवाला तीस वरसांत मना असा एकदा पन नाय बोलवला."

म्हणजे तीही फट बुजली.

डॉक्टरांच्या खोलीत गेलो. माझ्याकडे बघूनच ते म्हणाले, "बसा." आणि आपणहून सांगितलं, "बेशुद्ध माणसाचा कान सगळ्यात शेवटी बंद होतो, असं आम्ही मानतो. दार प्लायवुडचं आहे. आणि तुमचा आवाज, माफ करा, पण मी आत दचकलो होतो."

घरी येताना मोठ्या आनंदात होतो. अखेर सापडलं! हिने काही वरून पाहिलं नाही, कानाने ऐकलं. साधं, सरळ, शास्त्रीय. तिसरं कलम खोटं नाही, पण त्यात अद्भुत काही नाही. एवढं सिद्ध केलं की हिचा तिकडचा निवांतपणा डळमळेल.

फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं की हे सिद्ध करायचं तर आधी मला सांगावं लागेल, कोण ओरडलं ते.

फाटकापासून मागे फिरलो. सेक्टरला दोन फेऱ्या घातल्या. घरी गेलो तर ही पोळ्या लाटत होती. कागद खिशातच राहिला.

शुक्रवार, २ मार्च

आज होकार कळवायचा शेवटचा दिवस. रजा टाकली. मीना कॉलेजला गेल्यावर कागद घेऊन हिच्यासमोर बसलो. झालं ते लिहितो.

मी वाचायला सुरुवात केली. "तिसरं कलम. पर्यायी स्पष्टीकरण. बेशुद्धीत कान चालू राहतो, हे डॉक्टरांचं मत. दार प्लायवुडचं, पाऊण इंच. खाटेपासून दारापर्यंत अंतर नऊ फूट. त्यामुळे बाहेरचा आवाज मोठा असल्यास आत ऐकू येणं सहज शक्य."

"आवाज मोठा होता?" हिने विचारलं.

"होता."

"कोणाचा?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

"माझा," मी म्हटलं.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, "माझा होता. मीच ओरडलो. घसा त्यानेच बसला, वाफा-बिफा काही नाही. मॅनेजरना उगाच पत्र लिहिलं."

"मग सुमेधा का नाही म्हणालात? तुम्हीच ठेवलेलं."

"तेव्हा ते आठवलंच नाही. दार लागलं, आणि तोंडात दुसरं नावच येईना." आता बोलायला लागलोच होतो, तर थांबता येईना. "लग्नाच्या पंगतीत माझे मित्र म्हणाले होते, पुतळा? कुठल्या चौकात बसवणार? मी हसलो होतो. नुसता हसलो नाही, तोच विनोद पुढच्या पंगतीत मी स्वतः केला. तुझे वडील वाढत होते. त्यांनी ऐकलं. हातातलं तूप तसंच घेऊन ते पुढे गेले. ते मला दाराबाहेर आठवलं. म्हणून मी म्हणालो, पुतळे, माझं चुकलं. पुतळे, जाऊ नको, माझं चुकलं."

ही एकदम वर बघायला लागली. डोळे भरले होते.

"हे मला ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"'माझं चुकलं.' ते नव्हतं ऐकू आलं. नुसती हाकच आली."

म्हणजे मागितलं होतं त्याच्या वर मी दिलं. तपासणीत असं करू नये. पण मी रडत होतो, आणि रडलो हे इथे लिहून ठेवतो.

थोड्या वेळाने ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "दगडाचा पुतळा नव्हे हो. आजीच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती, तिच्यावरून ठेवलं होतं नाव. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी म्हटलं, विचारलं नाही.

"तिकडं छान होतं, ते काही मी खोटं सांगितलं नाही. मजेत चालले होते. सत्तावीस वर्षं तुम्ही मला 'अगं' म्हणता, नाहीतर 'ऐकलंस का'. आणि एकदम कोणीतरी पुतळे म्हणून ओरडलं. म्हटलं, ही कोण बाई, जिच्यासाठी एवढा जीव टाकतोय कोणीतरी? बघायला म्हणून मागे आले." मग नाक ओढून म्हणाली, "आणि आल्यावर तुम्ही म्हणता, साक्षीदार उपलब्ध नाही! मग मी परत कशाला यायचं हो? कोणाच्या हाकेला?"

तर हे असं होतं. मी समजत होतो, ही तिकडच्या ओढीने नाही म्हणतेय.

"मग खाटेचं काय कळवू?" मी विचारलं.

"कळवा, येते म्हणून. आणि माळ्यावरची बॅग काढा. स्टूलवर चढायची सवय आहेच आता तुम्हाला."

दुपारी पोस्टात जाऊन तार केली. येताना कागद पुन्हा पाहिला. तिसरं कलम मंजूर, ऐकून. दुसरंही त्याच कानाने ऐकलं असणार. पहिल्याचं काय, ते मात्र अजून कळत नाही. कान कितीही चालू राहिला तरी पंख्याची वरची बाजू त्याला दिसत नाही. बोटांचे तीन ठसे तर नाहीच नाही. तिथे शेरा कोरा सोडला आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोरा शेरा सोडून जेवायला बसलो, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, ५ मार्च

टॅक्सीने मुंबईला आलो. खाडीपुलावर ही म्हणाली, "परवा परत येताना मासळी घेऊ." मी म्हटलं, परवा सोडणार नाहीत. म्हणाली, मग शनिवारी.

संध्याकाळी नर्सने फॉर्म भरायला दिला. पेशंटचं नाव या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून होतो. ही म्हणाली, "सुमेधाच लिहा. रेशनकार्डात तेच आहे, घोळ होईल. कागदावर तुमची सुमेधा असू दे. तोंडी माझी पुतळा."

मंगळवार, ६ मार्च

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी दहाला हिला आत नेलं. पूर्ण भूल देत नाहीत, नुसती तेवढी जागा बधिर करतात. स्ट्रेचरवरून ही म्हणाली, "अहो, इथे शांतता राखा म्हणून पाटी आहे. गरज पडली तरच हाक मारा हं. उगाच नको." मीना हसली. मला हसू आलं नाही.

दार लागलं. इथलं दार जाड आहे, लाकडी, बहुधा सागवानी. आवाज आत जाईल की नाही, याची खात्री नव्हती. मी दाराच्या जितक्या जवळ उभं राहू देतील तितक्या जवळ उभा राहिलो. वॉर्डबॉय दोनदा म्हणाला, साब, बैठो ना. मी बसलो नाही. सव्वा तास नुसतं घसा साफ करत, नाव तयार ठेवून उभा होतो. मीनाने विचारलं, पाणी हवं का? मी नको म्हटलं. पाणी पीत असतानाच गरज पडली तर काय करणार?

सव्वाअकराला डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं, म्हणाले. यंत्र चालू आहे, ठोके बहात्तर. दोन मिनिटं आत जाऊन भेटा.

आत गेलो. ही डोळे मिटून पडली होती. छातीवर पट्टी. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ एकसारखी उड्या मारत होती. मोजली. बहात्तर. चेहऱ्याला रंग होता. श्वास नीट चालू होता. गरज काहीच नव्हती.

तरी मारली.

"पुतळे."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ओ."